तारीख तेवढी बदलायची

आमच्या घरी खोटं बोललेलं चालत नसे. मेडिकल सर्टिफिकेट मात्र खोट्यात धरत नसत.

माझे वडील, अण्णा, कराडला डॉक्टर. एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना, दवाखान्यात एक जुनं सागवानी टेबल आणि टेबलाच्या डाव्या खणात लेटरहेडचं पॅड. शाळेतल्या बाई, बँकेतले क्लार्क, मेहुण्याच्या लग्नाला आठवडाभर राहून आलेले वायरमन, सहामाहीला दांडी मारलेली मी, सगळ्यांना त्या खणातून एकेक कागद मिळालेला आहे. अण्णा पेशंटकडून कधी जास्तीचे पैसे घेत नसत. औषधवाल्यांनी दिवाळीला पाठवलेली भेट आल्या पावली परत करत. पण सर्टिफिकेट मागायला कुणी आलं की चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत, "कुठपासून कुठपर्यंत?" मग विषमज्वर किंवा कावीळ, तारखा, सही, शिक्का. तो कागद कुणी वाचत नसे. देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक आणि फायलीत लावणाऱ्यालाही ठाऊक. उठलेल्या पाहुण्याला आपण दारातून "जेवूनच जा" म्हणतो, तशातलाच तो प्रकार होता.

त्याच पॅडमधल्या एका कागदापायी माझ्या चुलतबहिणीचं अमेरिकेतलं शिक्षण सुटलं. तो कागद मी मागवला होता.

मी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहते. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. माझे धाकटे काका कराडलाच शाळेत गणित शिकवतात. त्यांची ही एकुलती मुलगी, इंजिनिअरिंगला कॉलेजात पहिली आलेली. आमच्या घरापासून वीस मिनिटांवरच्या विद्यापीठात तिला एम.एस.ला प्रवेश मिळाला तेव्हा काका फोनवर म्हणाले, "तू आहेस म्हणून पाठवतोय." हे वाक्य मी फार मनावर घेतलं. आपल्याला कुणी तरी हिचं वकीलपत्र दिलं आहे, अशा थाटात मी तिला विमानतळावरून घरी आणलं.

तिला आम्ही बेसमेंट दिलं. खाली एक खोली, एक बाथरूम, आमचं वॉशिंग मशीन आणि छताला लागून एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून अंगणातलं गवत डोळ्यांच्या वर दिसतं. पहिला महिना छान गेला. शनिवारी ती पोहे करायची, माझ्या मुलाला अपूर्णांक शिकवायची. तो तिला इंग्रजीत विचारायचा, ती त्याला मराठीत सांगायची आणि दोघांचं बरोबर जमायचं.

ऑक्टोबरात ती सकाळच्या चहाला वर येईनाशी झाली. मग जेवायलाही येईना. मी डबा भरून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायला लागले. संध्याकाळी तो अर्धा भरलेला परत मिळायचा. मी वरून ओरडायची, "उठलीस का गं?" खालून आवाज यायचा, "हो ताई." तो आवाज पलंगावरूनच येतो आहे, हे न कळायला मी काही बहिरी नव्हते. कपडे धुवायला मी एक दिवसाआड खाली जात असे. बाथरूमच्या दारामागे तिचा टॉवेल असायचा. तो कायम कोरडा असायचा.

मी कोरडा टॉवेल पाहिला, उशाशी पडलेले खाकऱ्याचे कागद पाहिले, केसांच्या गाठी पाहिल्या आणि या सगळ्याला एकच नाव दिलं, आळस. माझ्या नाकावर राग असतो, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. आणि घरातल्या पोरीकडे बघून मी नवऱ्याला सांगितलं, "इथे आयतं मिळतंय ना सगळं, म्हणून ही थेरं. मी आले तेव्हा कॅन्टीनमध्ये भांडी घासत होते." तो म्हणाला, "अगं, मला तिचं काहीतरी वेगळंच वाटतंय, यार." मी त्याचं बोलणं कानाआड केलं.

जानेवारीत एका सकाळी ती स्वतःहून वर आली. तिने फोन माझ्यापुढे धरला. विद्यापीठाची ईमेल होती. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय, त्यातल्या एकात बी आणि दोन विषयांत एफ. सरासरी किमान हवी त्याच्या खूप खाली, म्हणून तिला प्रोबेशनवर ठेवलं होतं. पुढच्या सेमिस्टरअखेर सरासरी वर आली नाही तर प्रवेश रद्द. दोन आठवड्यांच्या आत सल्लागाराला भेटायचं होतं.

"परीक्षेला गेलीच नाहीस?" मी विचारलं.

"ड्रॉप घेतला, ताई. दोन पेपर."

मला ते लगेच कळलं आणि म्हणूनच जास्त राग आला. आमच्या कॉलेजांत अभ्यास झाला नसेल तर मुलं पेपरला जातच नाहीत. नापास होण्यापेक्षा गैरहजर बरं. विषय मागे राहतो, सहा महिन्यांनी पुन्हा देता येतो आणि शेवटच्या मार्कलिस्टवर त्याचा डागही उरत नाही. मीही एकदा गणिताचा पेपर असाच सोडला होता. इथेही विषय सोडता येतो, पण त्याला अर्ज लागतो आणि त्याची मुदत सेमिस्टरच्या मध्यावरच संपते. नुसतं घरी बसलं तर शून्य पडतं, आणि ते शून्य सरासरीत कायमचं राहतं.

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारणार होते."

"कधी?"

 मी कागद घेऊन हिशेब केला, ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन, एफ म्हणजे शून्य. पुढच्या सेमिस्टरला तिन्ही विषयांत ए मिळवला, तरी सरासरी अडीच होत होती. हवे होते तीन. म्हणजे तिने जिवाचं रान केलं तरी मे महिन्यात तिला काढणार होते, आणि प्रवेश गेला की व्हिसाही गेला. काका गणिताचे शिक्षक, पण हे एवढं सोपं गणित त्यांना फोनवर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सल्लागार बाई साठीच्या आसपासच्या होत्या. लहानशी खोली, खिडकीत एक कुंडी, टेबलावर टिश्यूचा खोका. मी सोबत आत बसावं की नाही, यासाठी त्यांनी आधी बहिणीची सही घेतली. तिने सही केली नाही तर तिचे मार्क तिच्या आईवडिलांनाही सांगता येत नाहीत म्हणे. मला हसू आलं. मुलीचे मार्क बापाला सांगायला मुलीची परवानगी, हे मी घरी गेल्यावर नवऱ्याला रंगवून सांगणार होते.

बाईंनी सगळं शांतपणे समजावलं. एक वाट होती. मागच्या सेमिस्टरमध्ये आपल्या हाताबाहेरचं काही घडलं असेल, आजारपण किंवा घरातलं मोठं संकट, तर तसा अर्ज करायचा आणि त्याला कागद जोडायचे. समितीने तो मान्य केला की दोन्ही एफ पुसले जातात, ते विषय घेतलेच नव्हते असं धरतात. मग तिच्या नावावर फक्त तो एक बी राहणार होता, आणि बी म्हणजे बरोबर तीन. माझ्या जिवात जीव आला.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची थोडी वळवली आणि फक्त तिच्याकडे बघून विचारलं, "ऑक्टोबरात काय झालं?"

आणि त्या थांबल्या. आपल्याकडे असं कुणी थांबत नाही. प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही की विचारणाराच चार उत्तरं सुचवतो. या बाई कॉम्प्युटरकडे बघेनात, घड्याळाकडे बघेनात. बहीण टिश्यूच्या खोक्याकडे बघत होती. माझा खांदा तिच्या खांद्याला लागलेला होता. तिने श्वास आत घेतला, तेव्हा तिचा खांदा वर आलेला मला कळला. तिचे ओठ हलले.

"तिच्या वडिलांना हार्ट अटॅक आला होता," मी म्हणाले.

आमच्याकडे परक्या माणसाने पोराला काही विचारलं की उत्तर मोठ्यांनी द्यायचं असतं. कितवीत आहेस, असं पोराला विचारलं तरी त्याचा बाप सांगतो. ती सवय माझ्या जिभेवर इतकी बसलेली होती की आपण काही वावगं करतो आहोत, असं मला वाटलंसुद्धा नाही. शिवाय ते साफ खोटंही नव्हतं. काकांच्या छातीत दुखलं होतं, अँजिओप्लास्टी झाली होती. फक्त त्याला दोन वर्षं झाली होती.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "असं झालं का? वाईट वाटलं ऐकून." बहिणीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि "येस" म्हणाली. तिचा खांदा खाली गेला. बाईंनी तरी विचारलं, "आणि तू स्वतः? तुझी तब्येत? आमच्याकडे बोलायला लोक आहेत. त्यांचं पत्रही चालतं."

"ती ठीक आहे," हेही मीच म्हणाले.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "ताई, बाबांचं ते दोन वर्षांपूर्वी झालं."

"माहितेय मला. तारीख तेवढी बदलायची."

"आणि कागद?"

"डॉक्टरकाका देतील की."

ती माझ्या वडिलांना डॉक्टरकाका म्हणते.  मी खुशीत होते. एवढा मोठा गुंता आपण एका वाक्यात सोडवला, असं वाटत होतं. वाटेत इंडियन स्टोअरला थांबून मी तिच्यासाठी भडंगाचं पाकीट घेतलं.

नवऱ्याने ऐकलं आणि तो म्हणाला, "खरं काय आहे ते सांगा ना. ती पोरगी आजारी दिसते, यार."

"आजारी म्हणून काय लिहायचं? उठावंसं वाटत नाही, असं?"

"हो. तसंच."

"तू यात पडू नकोस," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी मी कराडला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती आणि अण्णा दवाखान्यातच होते. चौऱ्याहत्तरी गाठली तरी ते संध्याकाळचे दोन तास बसायचे. मी काय हवं ते सांगितलं.

"कशासाठी म्हणालीस?"

"कॉलेजसाठी, अण्णा."

त्यांनी डावा खण ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तिकडे चालतं का असलं?"

"सगळीकडे चालतं, अण्णा."

"बरं. कुठपासून कुठपर्यंत?"

"ऑक्टोबर ते डिसेंबर."

अर्ध्या तासात कंपाउंडरने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. अण्णांचं सुवाच्य इंग्रजी, खाली सही, किंचित तिरका बसलेला शिक्का. माझ्या काकांना कागदावर हृदयविकाराचा दुसरा झटका आला, तीन महिने अंथरुणाला खिळून राहावं लागलं, आणि त्यांना याचा पत्ताही नव्हता. ते तेव्हा बहुतेक दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत असतील.

पुढचा महिना आठवायला मला अजूनही जड जातं, कारण तो चांगला होता. नवीन सेमिस्टर सुरू झालं. सल्लागार बाई तिला दर पंधरवड्याला बोलावत. तिने त्यांच्यासोबत बसून एक वेळापत्रक केलं होतं, कधी उठायचं, कधी जेवायचं इथपर्यंत. ते तिने फ्रिजवर लावलं. मला हसू आलं होतं, एवढ्या मोठ्या मुलीला जेवायची वेळ लिहून द्यावी लागते म्हणून. पण ती सकाळच्या बसने जायला लागली. एका टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मिळाले, ते तिने वर येऊन सांगितलं. आणि एका रविवारी मी कपडे धुवायला खाली गेले, तर दारामागचा टॉवेल ओला होता. मी त्याला हात लावून पाहिला. इतकं बरं वाटलं मला, पण मी तिला तसं सांगितलं नाही.

मग समितीने तिचा अर्ज आणि त्याला जोडलेला तो कागद वाचला. विद्यार्थिनीचं आडनाव, पेशंटचं आडनाव आणि डॉक्टरचं आडनाव, तिन्ही एकच. आमच्या डोक्यातही आलं नव्हतं की यात बघण्यासारखं काही आहे. घरात डॉक्टर असताना माणूस दुसरीकडे कशाला जाईल? पण इथे डॉक्टर आपल्याच माणसांच्या आजाराचा दाखला देत नाहीत, म्हणून कुणीतरी त्या कागदावर थांबलं. लेटरहेडवर दवाखान्याचा नंबर होता. त्यांनी सरळ फोन लावला.

तो फोन अण्णांनीच घेतला. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाकावर सात-आठ पेशंट बसले होते. पलीकडून एक बाई अगदी अदबीने बोलत होती. तिने कागदावरची तारीख वाचून दाखवली आणि विचारलं, डॉक्टर, हे असंच घडलं आहे का?

"इतक्या वर्षांत मला फोन करून कुणी विचारलं नव्हतं गं," अण्णा म्हणाले. "कुणी विचारलंच नाही कधी. त्या बाईंनी विचारलं. मग मी काय सांगू?"

त्यांनी सांगितलं होतं की हे दोन वर्षांपूर्वीचं आहे, तारखा खऱ्या नाहीत. घरातल्या मुलीसाठी लिहून दिलं, माझं चुकलं. आणि त्या बाईंचे त्यांनी आभारही मानले होते, का ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मी अण्णांवर भडकले. खोटं कशाला सांगू, मी त्यांना म्हणाले, "एक 'येस' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" त्यांनी फोन ठेवला नाही. मागे कंपाउंडर कुणाला तरी गोळ्यांच्या वेळा सांगत होता, तेवढं ऐकू येत होतं. त्यानंतर आठवडाभर मी त्यांना फोन केला नाही.

आता प्रश्न मार्कांचा राहिलाच नव्हता. नापास होण्याला इथे माफी आहे, त्यासाठी बाई आहेत, वेळापत्रकं आहेत, टिश्यू आहेत. खोट्या कागदाला माफी नाही. मार्चमध्ये तिला चौकशीला बोलावलं. लांब टेबलापलीकडे तिघं बसले होते, समोर पाण्याचा जग. सोबत एक माणूस आणायची परवानगी होती. त्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम होता. सोबत मी गेले होते.

मधल्या गृहस्थांनी कागद पुढे सरकवला. "हे सर्टिफिकेट कुणी मागवलं?"

"मी," ती म्हणाली.

इतक्या पटकन म्हणाली की मी तिच्याकडे बघतच राहिले. पाच महिन्यांत तिला इतकं झटकन बोलताना मी पाहिलं नव्हतं. ते काहीतरी लिहून घेत होते. मग त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "तुम्हाला यात काही सांगायचंय का?"

म्हणजे मला विचारलं गेलं होतं. नियम आड येत नव्हता. मी सांगायला हवं होतं की कागद मी मागवला, ते वाक्य मी बोलले, या मुलीने फक्त हो ला हो केलं. माझ्या मनात काय आलं, तेही सांगते. आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं, ते मनात आलं. वकील काय म्हणेल, ते आलं. माझ्या मुलाची शाळा आली. पण ही सगळी कारणं मी नंतर घरी जाऊन जुळवली. त्या क्षणी मला फक्त लाज वाटत होती. तीन अनोळखी माणसांसमोर आपण खोटारड्या ठरू, एवढीच. काडीइतकी लाज होती ती.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं. "मागच्या सेमिस्टरला खरोखर काय झालं, हे तुझ्या शब्दांत सांगायचं असेल तर अजूनही सांगू शकतेस." ती माझ्याकडे बघायला लागली. मी पाण्याच्या जगाकडे बघत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली की तिला आणखी काही सांगायचं नाही.

आठवड्याने ईमेल आली. प्रवेश रद्द. व्हिसाच्या नोंदीतून तिचं नाव निघणार होतं, तिने लवकरात लवकर परत जायचं होतं.

काही कागदांवर सह्या करायला आम्ही शेवटचं सल्लागार बाईंकडे गेलो. त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू आजारी होतीस एवढं सांगितलं असतंस, तरी पुरलं असतं. पत्र विद्यापीठाच्याच दवाखान्याने दिलं असतं. घरून कागद मागवायची गरजच नव्हती." बहीण "थँक यू" म्हणाली. 

तिची बॅग मी भरली. फ्रिजवरचं वेळापत्रक तिने स्वतः काढलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. माझा मुलगा म्हणाला, "इज शी कमिंग बॅक फॉर समर?" नवरा त्याला घेऊन बाहेर गेला. विमानतळावर मी तिला खूप सूचना दिल्या, मास्क लाव, दोह्याला गेट बदलतं, पाणी पीत राहा. ती हो ताई, हो ताई म्हणत होती. सॉरी हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. आत जाताना तिने मला वाकून नमस्कार केला.

पुढच्या डिसेंबरात मी कराडला गेले. अण्णांनी दवाखाना चालू ठेवला होता, पण डावा खण त्यांनी रिकामा केला होता. मी बसलेली असतानाच बँकेतला एक जण सर्टिफिकेटसाठी आला. अण्णा त्याला म्हणाले, "नाही लिहीत मी आता." तो हसला, त्याला चेष्टा वाटली. अण्णांनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा तो उठून गेला. माझ्याशी ते नीट बोलत होते, जेवलीस का, झोप झाली का. एवढंच.

गावात काकांनी सगळ्यांना सांगितलं होतं की पोरीला तिकडची हवा मानवली नाही, आजारी पडली, म्हणून बोलावून घेतली. लोकांपासून लपवायला त्यांनी ही थाप जुळवली होती. या सगळ्या प्रकरणात पोर आजारी होती ही खरी गोष्ट चारचौघांत सांगणारे तेवढे एकटे तेच होते, आणि तेव्हा त्यांना ते माहीत नव्हतं.

बहीण एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवत होती. तब्येत भरली होती. पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे महिन्यातून एकदा जाते, गोळ्या घेते, असं काकूने मला कानात सांगितलं, जणू काही भिंतींनाही कळू नये. दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी इतके महिने जे विचारायचं टाळत होते, ते हातातल्या शेंगेकडे बघत विचारलं.

"त्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं ना, ऑक्टोबरात काय झालं म्हणून. तू काहीतरी बोलणार होतीस."

"हो."

"काय?"

तिने दाणे ताटात टाकले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"हेच की मला अंथरुणातून उठवत नाही. अंघोळ करवत नाही. मला काय झालंय ते कळत नाही, मला मदत करा." मग ती म्हणाली, "मनात इंग्रजीत वाक्य जुळवत होते, ताई. जुळलं होतं. तेवढ्यात तू बोललीस."